संकल्पनात्मक प्रतिमान

संकल्पनात्मक प्रतिमान : (संगणकविज्ञान). जगातील एखाद्या मर्यादित व्यवहारक्षेत्रात कोणत्या प्रकारच्या वस्तू व घटना आहेत, त्यांचे परस्परसंबंध कोणते आणि त्यांना कोणते नियम लागू पडतात, यांचे संगणकाच्या अंतर्गत रचनेचा आधार न घेता केलेले सुव्यवस्थित वर्णन. बँक, ग्रंथालय, रुग्णालय, रेल्वेचे आरक्षण अशा क्षेत्रासाठी माहितीची यंत्रणा उभारावयाची असेल, तर प्रथम त्या क्षेत्राचे असे वर्णन करतात आणि मग त्यावरून माहितीसाठा अथवा डेटाबेस व त्याला लागणाऱ्या आज्ञावल्या यांची रचना ठरवितात. हे वर्णन आकृतीच्या, तर्कशास्त्रीय सूत्रांच्या किंवा काटेकोर गद्याच्या स्वरूपात असू शकते. त्याचे बाह्य रूप हे त्याचे लक्षण नव्हे.

ही व्याख्या सांगावयास सोपी असली, तरी तिच्या सीमेवर अर्धशतकाहून अधिक काळ वाद होत आला आहे. चौकटी व रेषा यांनी बनलेली एकच आकृती एका वाचकाला जगाचे वर्णन वाटते, तर दुसऱ्याला ती संगणकातील कोष्टकांचा आराखडा वाटते. आकृती काढणाऱ्याचा हेतू यांपैकी कोणता होता, हे तिच्यावरून नेहमीच कळत नाही. जर्मन तत्त्वज्ञ हेर्बर्ट स्टाखोव्हियाक यांनी १९७३ मध्ये प्रतिमानाच्या सामान्य सिद्धांतात तीन लक्षणे सांगितली : प्रतिमान हे कशाचे तरी असते, ते मूळ गोष्टीतील काहीच गुण उचलते आणि ते कोणासाठी तरी, विशिष्ट काळी व विशिष्ट कारणासाठी असते. संगणकविज्ञानातील वादाचा मोठा भाग यांतील पहिल्या व तिसऱ्या लक्षणांविषयीचा आहे. प्रतिमान कशाचे, व्यवहारक्षेत्राचे की यंत्रणेचे? आणि कोणासाठी, माणसासाठी की यंत्रासाठी?

इतिहास : छिद्रित पत्रे व चुंबकीय फिती यांच्या काळात, म्हणजे १९५० नंतरच्या दशकात, माहितीचे वर्णन आज्ञावलीतच गुंतलेले असे. नोंदीतील कितव्या स्थानापासून ग्राहकाचे नाव सुरू होते हे आज्ञावलीकाराला माहीत असे व तेवढ्यावर काम चाले. नोंदीची मांडणी बदलली की तिच्यावर अवलंबून असलेल्या सर्व आज्ञावल्या बदलाव्या लागत. जॉन यंग व हेन्री केंट यांनी १९५८ मध्ये माहितीप्रक्रियेचा प्रश्न यंत्रनिरपेक्ष रीतीने मांडण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. यंत्र निवडण्यापूर्वी काय करावयाचे आहे ते नेमके लिहून काढावे, असा तिचा रोख होता. कोडासिल या संस्थेच्या विकास समितीने १९६२ मध्ये ‘माहितीचे बीजगणित’ मांडले. या दोन्ही प्रयत्नांचा त्या काळी फारसा उपयोग झाला नाही. व्यवसायाला कोबोल भाषा अधिक जवळची वाटली.

स्वीडनमध्ये बोर्ये लांगेफोर्स (१९१५–२००९) यांनी १९६६ मध्ये माहितीयंत्रणांचे सैद्धांतिक विश्लेषण करताना लोकांना काय जाणून घ्यावयाचे आहे हा प्रश्न आणि ते यंत्रात कसे साठवावयाचे हा प्रश्न एकमेकांपासून वेगळे केले. पुढील वर्षी अमेरिकेत जॉर्ज मीली यांनी एका निबंधात तीन प्रांत सांगितले : प्रत्यक्ष जग, माणसांच्या मनातील त्याविषयीच्या कल्पना आणि कागदावरील वा अन्य साधनावरील चिन्हे. संगणकातील माहिती ही तिसऱ्या प्रांतातील असून ती थेट पहिल्याची नव्हे, तर दुसऱ्याची खूण आहे, हा या विभागणीचा परिणाम होय. संकल्पनात्मक प्रतिमान या पदातील ‘संकल्पना’ हा शब्द येथूनच अर्थपूर्ण होतो.

याच सुमारास नॉर्वेत एक स्वतंत्र प्रवाह सुरू झाला. ऑस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात ओले-योहान दाल (१९३१–२००२) व क्रिस्टेन न्यूगोर (१९२६–२००२) यांनी अनुकरणाच्या कामासाठी सिम्युला ही भाषा तयार केली. तिची १९६७ ची आवृत्ती सर्वांत प्रसिद्ध आहे. तीत वस्तूंचे वर्ग, उपवर्ग व त्यांचे वर्तन सांगता येई. स्कँडिनेव्हियातील या परंपरेत चालू असलेली आज्ञावली हेच जगाच्या एका भागाचे प्रतिमान मानले जाते. यंत्रापासून अलिप्तता हे लक्षण धरले, तर हे प्रतिमान संकल्पनात्मक म्हणता येणार नाही. पण त्यातील वर्गांची मांडणी निःसंशय संकल्पनांची आहे. पुढे वस्तुनिष्ठ पद्धतीच्या पुरस्कर्त्यांत जो घोटाळा झाला त्याचे मूळ येथे आहे.

माहितीसाठ्याच्या क्षेत्रात चार्ल्स बाकमन (१९२४–२०१७) यांनी जनरल इलेक्ट्रिक कंपनीत १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभी नोंदींच्या साखळ्या जोडणारी यंत्रणा तयार केली आणि १९६९ मध्ये तिच्या रचनेच्या आकृत्या काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. चौकट म्हणजे नोंदींचा प्रकार व बाण म्हणजे मालक नोंद व तिच्या अंकित नोंदी यांतील संबंध, अशी ती सुटसुटीत पद्धत होती. कोडासिलच्या माहितीसाठा कृतिगटाने १९७१ च्या अहवालात याच धर्तीचे जाळेवजा प्रतिमान स्वीकारले. १९७३ मध्ये ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना बाकमन यांनी आज्ञावलीकाराला नाविकाची उपमा दिली. नोंदींच्या समुद्रातून एका नोंदीवरून दुसरीवर मार्ग काढणे हे त्याचे काम. उपमा समर्पक असली, तरी तिच्यातच उणीवही दिसते. नाविकाला वाटा माहीत असाव्या लागतात आणि वाटा बदलल्या की त्याचे ज्ञान निरुपयोगी होते.

इंग्लंडमध्ये जन्मलेले व आयबीएम कंपनीच्या सॅन होसे येथील प्रयोगशाळेत काम करणारे एडगर कॉड (१९२३–२००३) यांनी जून १९७० मध्ये संबंधात्मक प्रतिमान मांडले. माहिती गणितातील संबंधांच्या, म्हणजे स्थूलमानाने कोष्टकांच्या, रूपात पाहावी. ती शोधण्याच्या वाटा वापरणाऱ्याला दिसू नयेत, असे त्यांचे म्हणणे होते. मे १९७४ मध्ये मिशिगनमधील ॲन आर्बर येथे कॉड व बाकमन या दोन पक्षांत जाहीर वादविवाद झाला. कालांतराने व्यवहारात कॉड यांचा पक्ष सरस ठरला आणि १९८१ मध्ये त्यांनाही ट्युरिंग पुरस्कार मिळाला. तथापि कॉड यांचे प्रतिमान संकल्पनात्मक होते काय, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळाले नाही. त्यांनी यंत्राच्या अंतर्गत रचनेपासून माहिती मोकळी केली, हे खरे. परंतु दोन स्तंभांचे कोष्टक केवळ जोड्या दाखविते. एका स्तंभात शिक्षक व दुसऱ्यात शाळा असतील, तर शिक्षक त्या शाळेत शिकवितो, पूर्वी तेथे शिकला की तेथे त्याची बदली व्हावयाची आहे, हे कोष्टक सांगत नाही. तो अर्थ वाचणाऱ्याच्या मनात राहतो. कॉड यांना ही उणीव मान्य असावी, कारण १९७९ मध्ये त्यांनी आपल्या प्रतिमानात अधिक अर्थ सामावून घेण्यासाठी त्याचा विस्तार प्रसिद्ध केला.

अर्थाच्या या प्रश्नाकडे फ्रान्समधील जां-रेमों आब्रियल यांनी १९७४ मध्येच लक्ष वेधले होते. कॉर्सिकातील कार्जेज येथील परिषदेत त्यांनी ‘माहितीचा अर्थ’ या विषयावर निबंध वाचला आणि वस्तूंच्या वर्गांना जोडणाऱ्या द्विपदी संबंधांवर आधारलेली मांडणी सुचविली.

त्रिस्तरीय रचना : ‘संकल्पनात्मक’ हे विशेषण या विषयात रूढ होण्याचे श्रेय बऱ्याच अंशी एका समितीला द्यावे लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने माहितीसाठ्यांच्या प्रमाणीकरणाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या अभ्यासगटाने फेब्रुवारी १९७५ मध्ये अंतरिम अहवाल दिला. त्यात तीन रचनाबंध सांगितले आहेत. साठवण कशी आहे ते सांगणारा अंतर्गत, निरनिराळ्या वापरकर्त्यांना काय दिसते ते सांगणारा बाह्य आणि या दोहोंच्या मध्ये संपूर्ण उद्योगाचे एकच, स्थिर वर्णन करणारा संकल्पनात्मक रचनाबंध. तिघांसाठी तीन अधिकारीही कल्पिले होते व संकल्पनात्मक रचनाबंध उद्योग-प्रशासकाकडे सोपविला होता. म्हणजे तो ठरविणे हे तांत्रिक काम नसून संस्थेच्या वतीने घ्यावयाचा निर्णय आहे, हे समितीने ओळखले होते. मधला रचनाबंध कोणत्या भाषेत लिहावा, हे मात्र अहवालाने मोकळे ठेवले, आणि ती जागा भरण्यासाठी पुढील दहा वर्षांत अनेक प्रतिमाने पुढे आली.

त्यांपैकी सर्वांत टिकाऊ ठरले ते घटक-संबंध प्रतिमान. तैवानमध्ये जन्मलेले पीटर चेन यांनी मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत असताना ते १९७५ मध्ये फ्रेमिंगहॅम येथे भरलेल्या अतिविशाल माहितीसाठ्यांच्या पहिल्या परिषदेत मांडले व मार्च १९७६ मध्ये सविस्तर प्रसिद्ध केले. (याच परिषदमालेतील २२ वी परिषद १९९६ मध्ये मुंबईत भरली होती.) घटकांसाठी आयत, त्यांच्यातील संबंधांसाठी समभुज चौकोन ही त्यांची चित्रभाषा आजही शिकविली जाते. मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेतील एस. सुदर्शन हे ज्याच्या तीन लेखकांपैकी एक आहेत, त्या माहितीसाठ्यांवरील प्रसिद्ध पाठ्यपुस्तकातही तिचे विवेचन आहे.

चेन यांच्या निबंधातील चित्रांपेक्षा त्यातील स्तरांची विभागणी अधिक महत्त्वाची आहे. मनात असलेल्या घटकांविषयीची व संबंधांविषयीची माहिती हा पहिला स्तर. तिची माहितीच्या रूपातील मांडणी हा दुसरा. शोधण्याच्या वाटांवर अवलंबून नसलेली रचना हा तिसरा. आणि वाटांवर अवलंबून असलेली रचना हा चौथा. बाकमन यांच्या आकृत्या या शेवटच्या स्तरावर येतात. चेन यांचे प्रतिमान पहिल्या दोन स्तरांपासून आरंभ करते आणि म्हणूनच ते संकल्पनात्मक म्हणविण्यास पात्र ठरते. चेन यांनी एक प्रांजळ गोष्टही नमूद केली आहे. विवाह हा काहींना स्वतंत्र घटक वाटेल, तर इतरांना दोन व्यक्तींमधील संबंध. यांपैकी काय मानावयाचे ते उद्योग-प्रशासकाने ठरवावे. विवाह नोंदणी कार्यालयाला विवाह हा क्रमांक, दिनांक व साक्षीदार असलेला घटक आहे. निवृत्तिवेतन कार्यालयाला तो केवळ एका व्यक्तीचा दुसरीशी असलेला संबंध आहे. दोन्ही वर्णने बरोबर आहेत, पण दोहोंवर आधारलेले माहितीसाठे पुढे एकत्र करावयाचे झाले, तर केवळ भाषांतराने काम भागत नाही.

हाच धागा आयबीएममधील विल्यम केंट यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माहिती व वास्तव यांवरील ग्रंथात टोकापर्यंत नेला. एक वस्तू म्हणजे काय, ती कोणत्या प्रकारची आहे आणि ती तीच आहे हे कशावरून, या प्रश्नांना नैसर्गिक उत्तर नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्यांच्या उदाहरणांत ग्रंथालयातील ‘पुस्तक’ आहे. आपल्याकडे तोच प्रश्न असा विचारता येईल : ग्रंथालयात ज्ञानेश्वरीची पुस्तके किती? ज्ञानेश्वरी हा एकच ग्रंथ आहे, म्हणून एक. राजवाडे यांची प्रत व इतर संपादने वेगळी मोजली, तर काही. आणि कपाटातील प्रती मोजल्या, तर आणखी कितीतरी. देवघेव करणाऱ्या कर्मचाऱ्याला शेवटचा अर्थ हवा असतो, अभ्यासकाला मधला व सूचीकाराला तिन्ही. केंट यांच्या ग्रंथात तयार उपाय थोडेच आहेत. तरीही या विषयावरील लेखनात त्याचे स्थान वरचे आहे. चित्रभाषा शिकविणाऱ्या अनेक पुस्तकांतून जो आत्मविश्वास आढळतो, त्यावर तो उत्तम उतारा आहे.

लक्षणांची निश्चिती : आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या एका कार्यगटाने १९८२ मध्ये (आणि सुधारित स्वरूपात १९८७ मध्ये) संकल्पनात्मक रचनाबंधाच्या संज्ञांचा अहवाल तयार केला. त्यात दोन तत्त्वे आहेत. पहिल्यानुसार रचनाबंधात विचाराधीन विश्वाच्या संकल्पनात्मक बाजूच याव्यात. साठवण, शोधाच्या वाटा किंवा विशिष्ट वापरकर्त्याला दिसणारे रूप यांतील काहीही येऊ नये. दुसरे ‘शंभर टक्के’ तत्त्व म्हणून ओळखले जाते. त्या विश्वाचे सर्व सामान्य नियम, स्थिर तसेच गतिमान, रचनाबंधात असलेच पाहिजेत. अन्यत्र, म्हणजे आज्ञावल्यांत लपलेल्या नियमांच्या पालनाची अपेक्षा यंत्रणेकडून करता येणार नाही. पहिले तत्त्व जास्तीचे काय ते वगळते, दुसरे उणे काय ते दाखविते. या कसोटीवर बहुतेक घटक-संबंध आकृत्या पहिल्या तत्त्वाला उतरतात व दुसऱ्याला उतरत नाहीत, कारण रुग्णाला कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत नेता येते यासारखे नियम त्यांत लिहिताच येत नाहीत. दुसरे तत्त्व अक्षरशः पाळणेही अवघड आहे. प्रत्येक नियम लिहिला गेला आहे हे ठरविणार कोण?

पहिले तत्त्व मात्र किती उपयोगी आहे, हे वर्षाच्या दोन अंकांच्या प्रकरणावरून कळते. जागा वाचविण्यासाठी १९६० नंतरच्या दशकांत असंख्य माहितीसाठ्यांत वर्षाचे शेवटचे दोनच अंक ठेवले गेले. हा साठवणीचा निर्णय होता. पण ‘वर्ष म्हणजे काय’ याचे वेगळे वर्णन कोठे नसल्यामुळे तोच वर्षाचा अर्थ होऊन बसला. इ. स. २००० जवळ आल्यावर जगभर आज्ञावल्या तपासून दुरुस्त कराव्या लागल्या.

माहितीसाठे, आज्ञावली-भाषा व कृत्रिम बुद्धिमत्ता या तिन्ही शाखांतील संशोधक १९८० मध्ये कोलोरॅडोतील पिंग्री पार्क येथे एकत्र जमले आणि त्यांची एकमेकांशी बोलण्याची भाषा वेगळी असली, तरी प्रश्न बराचसा एकच आहे, हे स्पष्ट झाले. या विचारमंथनातून पुढे आलेला संकल्पनात्मक प्रतिमानांवरील ग्रंथ १९८४ मध्ये मायकेल ब्रोडी, जॉन मायलोपोलस व योआखिम श्मिट यांनी संपादित केला. मायलोपोलस यांनी १९९२ मध्ये दिलेली व्याख्या पुढे सर्वाधिक उद्धृत झाली. भौतिक व सामाजिक जगाच्या काही अंगांचे, ती समजून घेण्यासाठी व परस्परांना समजावून देण्यासाठी, औपचारिक रीतीने वर्णन करणे म्हणजे संकल्पनात्मक प्रतिमान तयार करणे, असा तिचा आशय आहे. तीत यंत्राचा उल्लेख नाही. वर्णन माणसांसाठी आहे, हे तिने स्पष्टपणे सांगितले. आमच्या मते तिचा खरा जोर याच शब्दांत आहे. ज्या वर्णनाची चर्चा त्या क्षेत्रातील माणसे करू शकत नाहीत, ते कितीही काटेकोर असले तरी आज्ञावलीच्याच जवळ जाते.

हेच पद मानव-संगणक संबंधांच्या अभ्यासात निराळ्या अर्थाने येते. डॉनल्ड नॉर्मन यांनी १९८३ मध्ये एखादी यंत्रणा, तिचे शिक्षक वा रचनाकार यांनी नीट आखलेले संकल्पनात्मक प्रतिमान आणि वापरणाऱ्याच्या मनात तयार झालेले अपुरे मानसिक प्रतिमान यांत फरक केला. येथे प्रतिमान यंत्रणेचे आहे, व्यवहारक्षेत्राचे नव्हे. दोन्ही अर्थ वैध आहेत, परंतु ते एकत्र केल्यास गोंधळ होतो.

अधिक नुकसान करणारा गोंधळ नोव्हेंबर १९९७ मध्ये प्रमाणित झालेल्या एकीकृत प्रतिमान-भाषेमुळे, म्हणजे यूएमएलमुळे, वाढला. ग्रेडी बूच, जेम्स रंबॉ व इव्हार याकोबसन यांच्या तीन पद्धतींच्या मेळातून ती तयार झाली. तिच्यातील वर्ग-आकृती व्यवहारक्षेत्रातील ‘ग्राहक’ ही संकल्पनाही दाखविते व आज्ञावलीतील ‘ग्राहक’ नावाचा वर्गही. सिम्युलाचा वारसा येथे पुरा झाला. सोय मोठी झाली, पण आज्ञावलीतील वर्ग बदलला की जगाचे वर्णनही नकळत बदलण्याची प्रथा पडली.

याच्या उलट दिशेने याइर वँड व रॉन वेबर यांनी मारिओ बुंगे (१९१९–२०२०) यांच्या सत्ताशास्त्राचा आधार घेतला. जगात वस्तू, गुण, अवस्था व घटना आहेत असे धरले, तर चित्रभाषेतील प्रत्येक चिन्हाला यांपैकी नेमका एक अर्थ असला पाहिजे. एका चिन्हाला दोन अर्थ किंवा दोन चिन्हांना एक अर्थ असणे हा दोष. जिआंकार्लो ग्विझार्डी यांनी २००५ मध्ये ट्वेंटे विद्यापीठातील प्रबंधात हीच दिशा पुढे नेली. सामाजिक व्यवहारांबाबत मात्र हा मार्ग पूर्ण समाधान देत नाही. कर्ज, पदवी किंवा मालकी हक्क या गोष्टी प्रथम अस्तित्वात असतात व नंतर त्यांचे वर्णन होते असे नाही. पुष्कळदा नोंद हीच त्यांना अस्तित्व देते.

वर्णन व जग यांतील अंतराचे सर्वांत गंभीर उदाहरण ब्रायन कँटवेल स्मिथ यांनी १९८५ मध्ये चर्चिले आहे. ५ ऑक्टोबर १९६० रोजी ग्रीनलंडमधील थूल येथील क्षेपणास्त्र-इशारा यंत्रणेने अमेरिकेवर मोठा हल्ला होत असल्याची सूचना दिली. प्रत्यक्षात उगवत्या चंद्रावरून परतलेले रडारचे प्रतिध्वनी तिने क्षेपणास्त्रे म्हणून ओळखले होते. यंत्राने आपले गणित चुकविले नव्हते. आकाशातून कोणत्या गोष्टी प्रतिध्वनी देऊ शकतात, याच्या वर्णनात चंद्र नव्हता. आज्ञावली तिच्या प्रतिमानाशी जुळते की नाही, हे गणिताने सिद्ध करता येते. प्रतिमान जगाशी जुळते की नाही, यासाठी तसे गणित नाही, हा स्मिथ यांचा मुद्दा आहे.

संगणकक्षेत्राबाहेर या पद्धतीचा सर्वांत विचारपूर्वक उपयोग ग्रंथपालांनी केला आहे. ग्रंथालय संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या घटक-संबंध स्वरूपाच्या प्रतिमानात कृती, तिचा आविष्कार, तिचे प्रकाशित रूप व प्रत असे चार घटक मानले आहेत. केंट यांच्या पुस्तकाच्या प्रश्नाला दिलेले हे उत्तरच म्हणता येईल. लेखकाच्या बाबतीत मात्र महासंघाला आपले मत बदलावे लागले. २००९ च्या प्रतिमानात ‘व्यक्ती’ या घटकात माणसाबरोबर त्याने धारण केलेले वाङ्मयीन रूपही बसत असे. त्यामुळे कुसुमाग्रज हे कवी आणि वि. वा. शिरवाडकर हे नाटककार असे दोन घटक मानण्यास वाव होता. २०१७ मध्ये स्वीकारलेल्या एकत्रित प्रतिमानात व्यक्ती म्हणजे प्रत्यक्ष जगणारा किंवा होऊन गेलेला माणूस, अशी मर्यादा घालण्यात आली आणि ‘नाम’ हा वेगळा घटक मानला गेला. त्यानुसार शिरवाडकर ही एक व्यक्ती असून कुसुमाग्रज हे त्यांचे दुसरे नाम ठरते. पूर्वीच्या नियमांनी तयार झालेल्या तालिकांत अशा लेखकांची दोन-दोन शीर्षके आहेत. ती एकाच व्यक्तीशी जोडण्याचे काम संगणकाकडे सोपविता येत नाही. कोणते नाम कोणाचे, हे सूचीकाराला एकेक नोंद पाहून ठरवावे लागते.